न्यूकोमेन इंजिनाचे मॉडेल तीन स्ट्रोकनंतर थांबते. वाफ जाते कुठे?

दट्ट्या५०, पुणे

नमस्कार मंडळी. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी न्यूकोमेन पद्धतीच्या इंजिनाचे मॉडेल तयार आहे, पण ते सलग चालत नाही. (या इंजिनात दट्ट्याखाली वाफ भरतात, थंड पाण्याच्या फवाऱ्याने तिचे पाणी करतात, आणि आत झालेल्या पोकळीमुळे बाहेरची हवा दट्ट्या खाली दाबते; तरफेचे वजन त्याला परत वर ओढते.) सगळी मापे देतो, म्हणजे अंदाजाने बोलावे लागणार नाही.

सिलिंडर पितळी. बोअर (आतला व्यास) ५० मिमी, स्ट्रोक (दट्ट्याची धाव) १५० मिमी, भिंत ३ मिमी जाड, तळाची चकती ५ मिमी. दट्ट्याला चामडी वॉशर आहे आणि वर ८ मिमी पाण्याचा थर. बॉयलर म्हणजे तांबट आळीतून करून घेतलेला ३ लिटरचा तांब्याचा बंद डबा, व्यास १६ सेमी, आत २ लिटर पाणी. खाली एका बर्नरची गॅस शेगडी. पूर्ण आचेवर १० मिनिटांत २५० मिली पाणी आटते. बॉयलरचा दाब उभ्या पाणीनळीवर ७० सेमी. फवाऱ्याचे पाणी २७ अंशांचे, दर स्ट्रोकला ६० मिली. सिलिंडरमधून बाहेर पडणारे पाणी ६५ अंश. वेग मिनिटाला १२ स्ट्रोक ठेवायचा आहे, कारण १७१२ मधले डडली कॅसलजवळचे मूळ इंजिन तेवढ्याच वेगाने चालत असे.

होते असे: पहिले तीन स्ट्रोक अगदी दणक्यात. चौथ्याला तरफेचे वजन दट्ट्या वर ओढायला लागते आणि तो अर्ध्यातच अडतो. तेव्हा पाणीनळी शून्यावर आलेली असते. दोन मिनिटे थांबले की पुन्हा तीन स्ट्रोक, पुन्हा तेच.

सिलिंडरमध्ये २९५ मिली वाफ मावते, तिचे वजन पाव ग्रॅमसुद्धा भरत नाही. शेगडी सेकंदाला ०.४ ग्रॅम वाफ देते. मग कमी पडते कशी? घरात १५ लिटरचा जुना तांब्याचा बंब आहे, तो बॉयलर म्हणून लावला तर भागेल का? आणि एक तात्त्विक शंका: न्यूकोमेन आणि वॉट, दोघांची इंजिने साधारण १०० अंशांची वाफ आणि तेच थंड पाणी वापरत होती. कार्नोच्या सूत्राने दोघांची कमाल कार्यक्षमता सारखीच येते. तरीही वॉटच्या इंजिनाला कोळसा निम्म्याहून कमी लागे. हा फरक आला कुठून?

अप्रकट_उष्मा

मापे इतकी नीट दिली आहेत की उत्तर तुमच्याच आकड्यांतून निघते.

आधी वाफेचा हिशेब. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. इथला हवेचा दाब साधारण ९५ किलोपास्कल, पाणी ९८ अंशांना उकळते. त्या वाफेचा एक ग्रॅम १.७८ लिटर जागा घेतो. म्हणजे २९५ मिलीत ०.१६५ ग्रॅम. इथपर्यंत तुमचे म्हणणे बरोबर.

आता धातूकडे बघा. सिलिंडरच्या भिंतीत ७५ घन सेमी पितळ, म्हणजे ६४० ग्रॅम. तळ आणि दट्ट्याची खालची बाजू मिळून आणखी १०० ग्रॅम धरा. पितळेचा विशिष्ट उष्मा ग्रॅमला ०.३८ ज्यूल, म्हणून हे सगळे एक अंशाने तापवायला २८० ज्यूल लागतात. फवारा मारला की धातू ९८ वरून ६५ पर्यंत उतरतो, तेहतीस अंश. पुढच्या स्ट्रोकला तो परत ९८ वर आणायचे काम वाफेलाच करावे लागते: २८० गुणिले ३३, म्हणजे ९.२ किलोज्यूल. वाफेच्या एका ग्रॅमचा अप्रकट उष्मा, म्हणजे तिचे पाणी होताना सुटणारी उष्णता, २.२६ किलोज्यूल. म्हणून ४.१ ग्रॅम वाफ केवळ भिंत तापवण्यात पाणी होऊन जाते आणि सिलिंडर भरायला लागतात ते ०.१७ ग्रॅम. एकूण ४.३ ग्रॅम. एका स्ट्रोकला तुम्ही २६ सिलिंडर भरतील एवढी वाफ खर्च करता!

पडताळा हवा असेल तर दुसऱ्या बाजूने मोजा. ६० मिली पाणी २७ वरून ६५ वर गेले, म्हणजे ९.५ किलोज्यूल घेऊन गेले. भिंतीचे ९.२ आणि सिलिंडरभर वाफेचे सुमारे ०.४. हिशेब जुळतो.

तीनच स्ट्रोक का, तेही निघते. मिनिटाला १२ म्हणजे एका स्ट्रोकला ५ सेकंद. तेवढ्यात शेगडी २.१ ग्रॅम वाफ देते. गरज ४.३, तूट २.२. ही तूट बॉयलरच्या साठ्यातून भरून निघते: ७० सेमी पाण्याचा दाब म्हणजे ७ किलोपास्कल, त्या दाबाला पाणी उकळबिंदूपेक्षा सुमारे २ अंश जास्त तापलेले असते. दाब शून्यावर येईपर्यंत ते २ लिटर पाणी १६ किलोज्यूल सोडते, त्यातून ७.२ ग्रॅम वाफ निघते. ७.२ भागिले २.२, उत्तर ३.३. तिसऱ्यानंतर चौथा अर्ध्यात अडतो तो म्हणूनच.

म्हणजे तुमच्या कामात चूक नाही, आकारच लहान आहे. ग्लासगो विद्यापीठाचे जे मॉडेल १७६३-६४ च्या हिवाळ्यात जेम्स वॉटकडे दुरुस्तीला आले, त्याचा बोअर २ इंच आणि स्ट्रोक ६ इंच होता. मिमीत मोजा, तुमचेच माप येते. तेही काही फेऱ्यांनंतर थांबत असे, त्याचा बॉयलरही पुरा पडत नसे. डडलीच्या मोठ्या इंजिनाचा बोअर होता २१ इंच. बोअर जितका लहान, तितके वाफेच्या प्रत्येक लिटरमागे भिंतीचे क्षेत्र जास्त. ५० मिमीच्या सिलिंडरमध्ये ते २१ इंचीच्या दहापट पडते. शिवाय मोठ्या ओतीव लोखंडी सिलिंडरमध्ये पाच सेकंदांत तापमानाचा चढउतार आत जेमतेम ९ मिमी पोचतो, बाकीची जाडी जवळजवळ स्थिर राहते. तुमची ३ मिमी पितळी भिंत पाव सेकंदात आरपार तापते आणि आरपार निवते.

बंबाचे उत्तर यातच आहे. १२ लिटर पाणी असेल तर साठा सहापट, म्हणजे ४३ ग्रॅम. तीनऐवजी वीस स्ट्रोक मिळतील आणि मग इंजिन तसेच थांबेल. तूट तशीच राहते, फक्त शिल्लक मोठी होते.

उपाय दोन. पहिला, वेग कमी करा. मिनिटाला ५ स्ट्रोक ठेवलेत तर प्रत्येकी १२ सेकंद, ५ ग्रॅम वाफ. गरजेपेक्षा जास्त. दुसरा, फवाऱ्याचे पाणी निम्मे करा. ३० मिलीला सगळे मिळून ७७ अंशांवर स्थिरावेल. त्या तापमानाला बाष्पदाब, म्हणजे आत उरलेल्या वाफेचा दाब, ४२ किलोपास्कल, म्हणजे दट्ट्यावर ९५ वजा ४२, ५३ किलोपास्कलचा जोर. ६० मिलीला तो ७० होता. जोर पाव हिश्श्याने घटला, पण वाफ ४.३ वरून २.८ ग्रॅमवर आली. ग्रॅममागे काम ४.८ वरून ५.६ ज्यूल. तरफेवरचा भार मात्र त्या प्रमाणात उतरवा, नाहीतर दट्ट्या खाली यायचाच नाही. १०० मिली पाणी मारले तर पोकळी ७८ किलोपास्कलपर्यंत जाईल, पण वाफ ५.४ ग्रॅम लागेल. जास्त थंड करून जास्त जोर मिळतो आणि कोळसा त्याहून वेगाने जळतो, हीच न्यूकोमेन इंजिनाची मुख्य अडचण. म्हणून खाणींवरची इंजिने हवेच्या पूर्ण दाबाच्या निम्म्यावरच भारित ठेवत: चौरस इंचाला साधारण ७ ते ८ पौंड, पूर्ण दाब १४.७ असताना.

फवाऱ्याचे पाणी आणि सगळा धातू एकाच तापमानावर येतात असे मी धरले आहे. प्रत्यक्षात भिंतीचा वरचा भाग थोडा कमी निवतो, त्यामुळे आकडे दहा-पंधरा टक्क्यांनी हलतील. निष्कर्ष हलणार नाही.

मठार

बंबाबद्दल तातडीने लिहितो, कारण यात इजा होऊ शकते.

बंब वरून उघडा असतो, दाबासाठी केलेला नसतो. झाकणाला डाख देऊन तो बंद केला की ७० सेमी पाण्याचा क्षुल्लक वाटणारा दाबसुद्धा २५ सेमीच्या झाकणावर ३५ किलोचा भार टाकतो. खरा धोका उलट बाजूने आहे. शेगडी बंद केली, सगळ्या चाव्या बंद राहिल्या आणि बॉयलर निवला की आत पोकळी होते. त्याच झाकणावर मग बाहेरची हवा पावणेपाचशे किलोने बसते. मठारलेला पातळ पत्रा डोळ्यांदेखत आत चेपतो, आणि बंबाचा डाख सुटतो तो नेमका भट्टीच्या नळीच्या सांध्यात, म्हणजे उकळते पाणी निखाऱ्यावर. तुमच्या १६ सेमीच्या डब्यालाही हेच लागू आहे, फक्त भार दोनशे किलोच्या आत.

त्यामुळे दाबनळी ही नुसती मोजपट्टी समजू नका. किमान १२ मिमी आतल्या व्यासाची तांब्याची नळी झाकणातून खाली, तळापासून ३ सेमीवर थांबेल अशी सोडा, वर ७५ सेमी उंच, तोंड कायम उघडे. तिला चावी बसवायची नाही, कधीच नाही. दाब वाढला तर पाणी नळीतून वर येऊन बाहेर पडेल, पोकळी झाली तर हवा बुडबुडत आत येईल, आणि पाणी धोक्याइतके कमी झाले तर नळीतून वाफ फुसफुसून तुम्हाला कळेल. एकाच नळीत तीन कामे. तोंडावर उलटा पेला बसवून त्याची धार मागच्या बाजूला वळवा. समोर पोरे उभी असणार, उकळत्या पाण्याचा शिंतोडा कुणाच्या तोंडावर जाता कामा नये.

सांध्यांना शिसे-कथलाचा साधा डाख नको. १८३ अंशांच्या आसपास तो वितळतो, आणि डबा कोरडा पडला तर तळ मिनिटभरात तेवढा तापतो. चांदीचा डाख द्या. आत कल्हई असेल तर असू दे, पण कोरड्या आचेवर तीही २३२ अंशांना ओघळते. तळाला चमकदार थेंब दिसले तर समजायचे की डबा कोरडा पडला होता.

आणि चामडी वॉशरकडे लक्ष द्या. ओले चामडे ७५-८० अंशांपुढे आखडते आणि कडक होते. वरचा पाण्याचा थर गळती बुजवतो आणि चामडेही थंड ठेवतो. तो आटला की पंधरा मिनिटांत वॉशर वाया. दर स्ट्रोकला वरून थोडे थोडे पाणी पडत राहील अशी बारीक धार ठेवा. मूळ इंजिनात असेच होते.

दट्ट्या५०

दोघांचे मनापासून आभार. नळी बदलली, उलटा पेला बसवला. फवारा ३० मिली, वेग मिनिटाला ६, भार पाव हिश्श्याने कमी. आता इंजिन थांबत नाही. पाणीनळी ४० सेमीवर स्थिर राहते, बाहेरचे पाणी ७६ अंश. पण साधारण चाळीस स्ट्रोकनंतर जोर हळूहळू उतरतो. वाफ भरपूर आहे, तरी दट्ट्या खाली येताना रेंगाळतो. थांबवून पाच मिनिटांनी सुरू केले तर पुन्हा चाळीस ठीक.

तरफ_साखळी

ही हवा आहे. वाफ पुरेशी, पाणी पुरेसे, तरीही जोर टप्प्याटप्प्याने उतरतो, तेव्हा दुसरे कारण शोधायची गरज नाही.

२७ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १७ मिली हवा विरघळलेली असते. पोकळीत फवारा उडाला की ती सुटते. ३० मिलीतून अर्धा मिली. ऐकायला काहीच नाही. पण वाफेचे पाणी होते आणि हवेचे होत नाही, ती सिलिंडरमध्येच बसून राहते. ७७ अंशांना तो अर्धा मिली २९५ मिलीत ०.१९ किलोपास्कल दाब देतो. चाळीस स्ट्रोकला साडेसात. तुमच्याकडे एकूण ५३ होते. त्यात दट्ट्याच्या कडेने आणि चाव्यांतून झिरपणारी हवा मिळवा. शिवाय ही हवा थंड भिंतीलगत थर धरते आणि उरलेल्या वाफेचे संघननही मंदावते. म्हणून रेंगाळणे.

न्यूकोमेनने यासाठी सिलिंडरच्या तळाशी एक छोटी झडप ठेवली होती. नवी वाफ आत शिरताना हवेला पुढे ढकलते आणि झडपेतून बाहेर काढते. सर्दी झालेल्या माणसाने नाक ओढावे तसा तिचा आवाज होतो, तिचे इंग्रजी नावही त्यावरूनच पडले. तुमच्या वर्णनात ती कुठे दिसत नाही. तळाच्या चकतीला ६ मिमी भोक, बाहेर छोटी वाटी, त्यात भोकावर बसणारी सिलिकॉन रबराची पाकळी आणि वर १ सेमी पाणी. पाणी असल्याने झडप नीट बसते, आणि गळत असेल तर पोकळी झाल्यावर ते पाणी आत ओढले जाताना दिसते. ४० सेमीचा दाब पाकळी उचलायला पुरतो. दर स्ट्रोकला वाफेची चावी उघडल्यावर अर्धा सेकंद वाटीतून पांढरा फुत्कार दिसला पाहिजे. बुडबुडे आले आणि फुत्कार आला नाही तर फक्त हवा निघाली, वाफ मागे अडली: चावी जरा लवकर उघडा.

फवाऱ्याचे पाणी आदल्या दिवशी उकळून झाकून निववले तर त्यातली हवा पुष्कळ कमी होते. बॉयलरही सुरुवातीला दहा मिनिटे खळखळ उकळू द्या आणि ती वाफ सिलिंडरमधून बाहेर सोडा, मगच पहिला फवारा.

आणखी दोन गोष्टी तपासा. पाणी बाहेर नेणाऱ्या नळीच्या टोकाला उलटझडप असते, ती भांड्यातल्या पाण्यात २-३ सेमी बुडलेली हवी. ५३ किलोपास्कलची पोकळी पाणी पाच मीटरांहून वर खेचू शकते. तुमचे टेबल मीटरभर उंच. झडप जराशी जरी गळली तरी खालचे पाणी सरळ सिलिंडरमध्ये चढेल, आणि मग दट्ट्याखाली पाणीच पाणी. दुसरी, फवाऱ्याची चावी. सुरुवातीला पाणी टाकीच्या उंचीनेच येते, पण पोकळी तयार होताच तीच पोकळी पाणी ओढायला लागते आणि धार तिप्पट होते. म्हणून चावी किती वेळ उघडी ठेवली यावरून मिली ठरवणे फसवे आहे. मार्गात सुईची चावी घालून धार कायमची आवळा. मापाच्या पेल्यातून नेमके ३० मिली सोडायचा मोह होईल, तो टाळा. पेला रिकामा झाला की मागोमाग हवा आत येते आणि तो स्ट्रोक गेला.

अप्रकट_उष्मा

कार्नोची शंका राहून गेली होती, आणि माझ्या मते या धाग्यातला तोच सर्वांत मोलाचा प्रश्न आहे.

९८ आणि २७ अंशांमधली कार्नोची मर्यादा १९ टक्के. तुमचे मॉडेल ६० मिली फवाऱ्यावर दर स्ट्रोकला आदर्श धरून २०.६ ज्यूल काम देत होते आणि ४.३ ग्रॅम वाफ करायला साधारण ११ किलोज्यूल खात होते. म्हणजे ०.२ टक्के. मधले सगळे गेले कुठे?

साडी कार्नोने १८२४ मध्ये अट सांगितली ती अशी: पूर्ण काम हवे असेल तर यंत्रात कुठेही दोन वेगळ्या तापमानांच्या वस्तू नुसत्या एकमेकींना चिकटून उष्णता देता-घेता कामा नयेत. तापमानात जो बदल होईल तो आकारमानाच्या बदलातूनच व्हावा. त्याने उष्णतेची तुलना धबधब्याशी केली. तुमच्या सिलिंडरमध्ये ९८ अंशांची वाफ ६५ अंशांच्या पितळेला भिडते आणि ४.१ ग्रॅम वाफेची उष्णता तेहतीस अंश खाली पडते. त्या पडण्यात दट्ट्या एक मिमीही हलत नाही. धबधब्याचे पाणी चाकाला न लागता खाली गेले. सूत्रातली दोन टोकांची तापमाने दोघांची सारखी होती, मधला रस्ता वेगळा होता.

दुसरी गळती दोघांकडेही होती. वाफ पूर्ण दाबाने शेवटपर्यंत भरायची आणि मग एकदम कोसळवायची. भिंत अजिबात उष्णता खात नाही असे धरले, कंडेन्सर (वाफेचे पाणी करणारे वॉटचे सिलिंडरबाहेरचे थंड भांडे) ४५ अंशांवर म्हणजे ९.६ किलोपास्कलवर धरला, तरी एक किलो वाफेतून १५० किलोज्यूल काम निघते आणि ती करायला सुमारे २५६० लागतात. सहा टक्क्यांहून थोडे कमी. १९ आणि ६ मधले अंतर भरायचे तर वाफ मध्येच तोडून उरलेल्या स्ट्रोकमध्ये प्रसरण पावू द्यावी लागते. वॉटने त्याचे पेटंट १७८२ मध्ये घेतले, पण इतक्या कमी दाबाच्या वाफेत प्रसरणाला वावच थोडा. त्याचा खरा फायदा कॉर्नवॉलच्या जास्त दाबाच्या इंजिनांनी एकोणिसाव्या शतकात घेतला.

प्रत्यक्षातले आकडे: इंजिनिअर जॉन स्मीटनने १७६९ मध्ये न्यूकॅसल भागातली १५ इंजिने तपासली. सरासरी एका बुशेलला, म्हणजे ८४ पौंड कोळशाला, ५५.९ लाख फूट-पौंड काम. हे कोळशाच्या उष्णतेच्या पाऊण टक्क्याहूनही कमी. त्याने स्वतः बांधलेल्या लाँग बेंटनच्या इंजिनाने ९४.५ लाख दिले. तत्त्व तेच, फक्त बोअरिंग नीट, मापे नीट, बॉयलर नीट. कारागिरीने जवळजवळ ७० टक्के वाढ! वॉटच्या इंजिनांनी २ कोटींच्या पुढे नेले ते मात्र कारागिरीने नाही, थंड जागा आणि गरम जागा वेगळी केल्याने.

एक राहिले. वॉटला आधी नुसते कमी उष्णता खाणारे सिलिंडर करून बघावेसे वाटले. जवसाच्या तेलात भिजवून भाजलेल्या लाकडाचे, ६ इंच बोअरचे. वाफ वाचली, पण तेही भरण्यापेक्षा कैक पट वाफ पीत होते आणि लाकूड टिकणारे नव्हते. मॉडेलला हा मार्ग काही प्रमाणात चालतो. रेलिंगला वापरतात तो २ इंची, १.२ मिमी जाडीचा स्टेनलेस पाईप घेतलात, आतली वेल्डची रेघ होनिंग करून (घासून) काढलीत, तळही पातळ ठेवलात, तर २८० ऐवजी साधारण १५५ ज्यूलवर येता. बाहेरून काथ्याची दोरी गुंडाळा. दट्ट्या टेफ्लॉनचा करणार असाल तर थंड असताना बोअरपेक्षा अर्धा मिमी लहान ठेवा. ७० अंशांच्या तापण्याने तो ०.४ मिमी फुगतो आणि अडकतो.

दट्ट्या५०

तळाला झडप बसवली, पाणी उकळून निववले. काल १८० स्ट्रोक सलग, जोर उतरला नाही. पोरांना न्यूकोमेन आणि वॉट शेजारी शेजारी दाखवता आले तर फारच छान होईल. याच सिलिंडरला वेगळा कंडेन्सर जोडता येईल का?

तरफ_साखळी

येईल, आणि तो दाखवाच. वाफेच्या इंजिनाचा इतिहास त्या एका नळीत आहे.

फवारा बंद करा, त्याच्या भोकातून १० मिमी नळी चावीमार्गे बाहेर काढा. पुढे ८ मिमी तांब्याच्या नळीचे मीटरभर वेटोळे, ते १० लिटर पाण्याच्या बादलीत, उतार सगळीकडे खालच्या दिशेने. वेटोळ्याच्या खालच्या टोकाला हवेचा पंप. वॉटनेही पहिल्या प्रयोगात पातळ नळ्या थंड पाण्यात ठेवल्या होत्या आणि सिलिंडर म्हणून पावणेदोन इंची पितळी पिचकारी वापरली होती. तिने १८ पौंड वजन उचलले.

पंप टाळता येणार नाही. न्यूकोमेनमध्ये हवा वाफेच्या धक्क्याने बाहेर जात होती. इथे कंडेन्सरमध्ये वाफेचा झोत सोडला तर तोच तापेल, मग वेगळा ठेवण्यात अर्थ काय? पंपाचे घनफळ सिलिंडरच्या एक अष्टमांश पुरते: २५ मिमी बोअर, ७५ मिमी स्ट्रोक. तो तरफेच्या टेकू आणि टोक यांच्या मधोमध जोडा, म्हणजे त्याला स्ट्रोक आपोआप अर्धा मिळतो. पाणी आणि हवा दोन्ही तोच काढेल.

सिलिंडरवर ग्लासवूल किंवा काथ्या जाड गुंडाळा. दट्ट्यावरचा पाण्याचा थर मात्र काढून टाका. तो राहिला तर कडेने झिरपून भिंत निववेल आणि खाली गरम सिलिंडरमध्ये उकळून पोकळी बिघडवेल. चामड्याच्या जागी ग्रीस लावलेली ग्लँड दोरी (गळती रोखायला सांध्यात भरतात ती). वॉटने चरबी लावलेला ताग वापरला, कारण हेच.

गरज किती उरते बघा: सिलिंडर भरायला ०.१७ आणि इकडच्या तिकडच्या गळतीला तेवढीच धरली तरी ०.३५ ग्रॅमच्या आत. मिनिटाला १२ स्ट्रोक तर सहज, शेगडी बारीक करावी लागेल. बादलीत दर स्ट्रोकला जेमतेम ०.४ किलोज्यूल जाते. मिनिटाला ६ स्ट्रोकने पाणी एक अंश तापायला सतरा मिनिटे लागतील. पोरांना बादलीत हात घालून बघू द्या, आणि शेजारी न्यूकोमेनच्या नळीतून पडणाऱ्या ७६ अंशांच्या पाण्यात तापमापी ठेवा (तिथे हात नको).

सुरू करताना क्रम असा. कंडेन्सरची चावी बंद, वाफेची उघडी, तळाच्या झडपेतून पाच मिनिटे फुत्कार. सिलिंडर बाहेरून हात लावण्याजोगा राहिला नाही की तो तयार. मग पंप हाताने आठ-दहा वेळा मारून कंडेन्सर रिकामा करा. वाफेची चावी आधी पूर्ण बंद, नंतर कंडेन्सरची उघडी. दोन्ही एकदम उघड्या राहिल्या तर बॉयलर थेट कंडेन्सरमध्ये ओतला जातो, उभी नळी बुडबुडायला लागते आणि पुढची दहा मिनिटे दाब धरत नाही. दोन्ही चाव्या एकाच दांड्याला उलट्या बसवल्या तर पोरांच्या हातूनही ही चूक होणार नाही.